खोगिरावरची कविता

ऑस्ट्रेलियातील इंग्रजी कवितेचा इतिहास सांगताना 'बुश' कवितेचा मूळपुरुष म्हणून ज्याचे नाव बहुधा प्रथम घेतले जाते, तो ॲडम लिंडसे गॉर्डन जन्माने ऑस्ट्रेलियन नव्हता, त्याच्या बहुसंख्य कवितांचा ऑस्ट्रेलियाशी संबंध नाही, आणि त्याची दृष्टी इतकी अधू होती की ज्या रानाचा तो कवी ठरला ते रान थोड्या अंतरापलीकडे त्याला धूसरच दिसत असणार. या तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे साहजिकच प्रश्न पडतो, की त्या देशाने दोन पिढ्या त्याला आपला कवी मानले ते कशाच्या बळावर. या प्रश्नाचे उत्तर त्याच्या निसर्गवर्णनात शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. ते त्याच्या लयीत सापडते, आणि ही लय लिहिण्याच्या मेजावर नव्हे तर घोड्याच्या पाठीवर घडलेली आहे.

'बुश' म्हणजे केवळ अरण्य नव्हे. वसाहतीच्या काळात, म्हणजे 1788 मधील पहिल्या वस्तीपासून 1901 मध्ये सहा वसाहतींचे संघराज्य होईपर्यंत, सिडनी, मेलबर्न, ॲडलेड यांसारख्या बंदरी शहरांच्या बाहेर जे जे काही होते, मग ती निलगिरीच्या जातीच्या गम वृक्षांची विरळ झाडी असो, गवताळ माळ असो की मेंढ्यांची आणि गुरांची अफाट कुरणे असोत, ते सगळे या एका शब्दात सामावत असे. या कुरणांच्या इस्टेटीला 'स्टेशन' म्हणत, ती धरून बसलेल्या आणि पुढे गबर झालेल्या जमीनदाराला 'स्क्वॉटर' म्हणत, आणि घोड्यावर बसून त्याची गुरे राखणारा, वळवणारा, शेकडो मैल हाकत नेणारा जो नोकर, तो 'स्टॉकरायडर'. या जगातील माणसांच्या तोंडी घातलेल्या कथनगीतांना 'बुश बॅलड' हे नाव पडले. बॅलड हा प्रकार पोवाड्याला दूरच्या नात्याने जवळचा आहे. मात्र पोवाड्यात शाहीर वीराची कीर्ती गातो, तर बुश बॅलडमध्ये बोलणारा बहुधा त्या प्रसंगात स्वतः असलेला एखादा साधा घोडेस्वार असतो आणि त्याला कीर्तीपेक्षा सोबत्यांची आठवण अधिक प्रिय असते.

गॉर्डनचा जन्म 19 ऑक्टोबर 1833 रोजी अटलांटिक महासागरातील अझोर्स द्वीपसमूहाच्या फायल बेटावर झाला. त्याचे वडील कॅप्टन ॲडम डर्नफर्ड गॉर्डन हे ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधील घोडदळातून निवृत्त झालेले अधिकारी होते, आणि हिंदुस्थानातून परतलेल्या गोऱ्या कुटुंबांचे आवडते गाव असलेल्या चेल्टनहॅम येथे स्थायिक झाल्यावर तेथील कॉलेजात, म्हणजे नव्याने निघालेल्या शाळेत, ते हिंदुस्थानी भाषा शिकवीत असत. कंपनीच्या चाकरीत जाऊ पाहणाऱ्या मुलांना त्या भाषेची गरज असे. ज्या घरात घोडदळाच्या गोष्टी आणि हिंदुस्थानीचे धडे एकत्र नांदत होते त्या घरातल्या मुलाने लष्करात जावे हे ठरल्यासारखेच होते, आणि त्याप्रमाणे 1848 मध्ये त्याला वूलविचच्या लष्करी विद्यालयात घातले गेले. पुढे चीन आणि खार्टूम येथील मोहिमांमुळे प्रसिद्धी पावलेला चार्ल्स गॉर्डन हा तेथे त्याचा समकालीन होता. पण या गॉर्डनचे लक्ष तोफखान्याच्या गणितात लागले नाही. मुष्टियुद्ध, उधारी आणि अडथळ्यांच्या घोडदौडी यांत त्याचे दिवस जाऊ लागले, वूलविच सुटले, वुस्टरच्या शाळेतही त्याचा जम बसला नाही, आणि एका घोड्यावरून उद्भवलेले प्रकरण पोलिसांपर्यंत गेल्यावर वडिलांनी त्या काळातील अनेक इंग्रज बापांनी केले तेच केले: नावाला बट्टा लागण्याआधी मुलाला वसाहतीत पाठवून दिले.

नोव्हेंबर 1853 मध्ये 'ज्युलिया' जहाजातून तो ॲडलेडला उतरला तेव्हा वीस वर्षांचा होता. घरच्या शिफारसपत्रांच्या जोरावर एखादे बरे पद मिळवण्याचा प्रयत्न करण्याऐवजी तो दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या घोडेस्वार पोलीस दलात साध्या शिपायाच्या जागी दाखल झाला आणि वसाहतीच्या आग्नेय टोकाला माउंट गॅम्बियर व पेनोला या भागात नेमला गेला. दोन वर्षांनी, 1855 मध्ये, त्याने ती नोकरी सोडली आणि चाबूकस्वाराचा, म्हणजे रानटी शिंगरांना खोगीर-लगामाची सवय लावून त्यांना बसते करण्याचा धंदा पत्करला. या स्टेशनवरून त्या स्टेशनवर जायचे, मुक्कामाला राहायचे, ठरावीक संख्येने घोडे वठणीवर आणायचे आणि पुढची वाट धरायची, असे हे भटके जिणे त्याने जवळजवळ सात वर्षे काढले. ऑस्ट्रेलियात पैदास झालेल्या घोड्यांना तेव्हा मोठी मागणी होती. न्यू साउथ वेल्सच्या नावावरून 'वेलर' म्हणून ओळखले जाणारे हे घोडे कलकत्ता, मद्रास आणि मुंबईच्या बंदरांत उतरवले जात आणि हिंदुस्थानातील फौजेत भरती होत, त्यामुळे गॉर्डनचे वडील ज्या घोडदळात होते त्या घोडदळाच्या पागा आणि मुलगा ज्या धंद्यात पडला तो धंदा यांच्यामध्ये एक समुद्र असला तरी व्यवहार एकच होता.

या वर्षांतील त्याच्या मनोजीवनाविषयी जे विश्वसनीय कळते ते प्रामुख्याने ज्युलियन टेनिसन वुड्स या पाद्र्यामुळे. वुड्स हे पेनोला परिसरातील कॅथलिक धर्मगुरू, शिवाय भूगर्भशास्त्राचे अभ्यासक. मेरी मॅकिलॉप यांच्यासह त्यांनी 1866 मध्ये पेनोलालाच सेंट जोसेफच्या भगिनींचा संघ स्थापन केला, आणि त्या मॅकिलॉप 2010 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या संत ठरल्या. एवढ्याशा खेड्याच्या वाट्याला इतके काही यावे हे नवलच. वुड्स आणि गॉर्डन यांची ओळख 1857 मध्ये झाली, पाद्री आपल्याजवळची पुस्तके त्याला वाचायला देऊ लागले, आणि घोड्यावरून बरोबर प्रवास करताना हा अबोल, खांदे पाडून बसणारा चाबूकस्वार लॅटिन आणि इंग्रजी कवितेचे लांबच लांब भाग पाठ म्हणतो हे त्यांच्या ध्यानात आले. गॉर्डनच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी वुड्स यांनी या सहवासाच्या आठवणी लिहून ठेवल्या. त्यांतून दिसणारा माणूस पुस्तके जवळ बाळगू न शकणारा आहे, म्हणून त्याने ती डोक्यात साठवली आहेत. आणि त्या पाठ कविता तो ज्या आसनावर बसून म्हणत असे ते आसन सतत हलणारे आहे, ही बाब पुढे त्याच्या स्वतःच्या रचनेच्या दृष्टीने फार महत्त्वाची ठरते.

आईच्या मृत्यूनंतर 1861 मध्ये वारशाचे सुमारे 7000 पौंड त्याच्या हाती आले, आणि येथून त्याच्या आयुष्याचा व्यावहारिक बाजूने नाश सुरू झाला असे म्हणण्यास हरकत नाही. पुढच्या वर्षी त्याने मॅगी पार्क या तरुणीशी विवाह केला, 1864 मध्ये पोर्ट मॅकडॉनेलजवळ 'डिंगली डेल' हे छोटे घर घेतले, शर्यतीचे घोडे बाळगले, जमिनी घेतल्या. त्याच वर्षी माउंट गॅम्बियर येथील निळ्या सरोवराच्या, म्हणजे निद्रिस्त ज्वालामुखीच्या मुखात साठलेल्या खोल पाण्याच्या कडेवर, कुंपणावरून घोड्यासह पलीकडच्या अरुंद कंगोऱ्यावर उडी घेण्याचा त्याचा प्रसिद्ध पराक्रम घडला असे सांगतात, आणि 1887 मध्ये तेथे त्याच्या स्मरणार्थ स्तंभ उभारला गेला. कवीच्या ओळीपेक्षा कवीच्या उडीला आधी स्मारक मिळावे, यात त्या समाजाची रसिकता जशी दिसते तशी गॉर्डनच्या कीर्तीची घडणही दिसते: लोक आधी स्वाराला मानत होते, कवी मागाहून आला.

1865 मध्ये तो दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या विधिमंडळावर निवडून आला, आणि तोही वसाहतीच्या ॲटर्नी जनरलला केवळ तीन मतांनी मागे टाकून. ग्रीक-लॅटिन संदर्भांनी भरलेली त्याची भाषणे सभागृहाला समजली नाहीत आणि सभागृहाचे कामकाज त्याला रुचले नाही. 1866 च्या अखेरीस त्याने राजीनामा दिला. या काळातील एकच नाते टिकले, ते पेनोलाजवळच्या यॅलम येथील जमीनदार आणि सहप्रतिनिधी जॉन रिडॉक यांच्याशी असलेले. हेच रिडॉक पुढे कूनवारा या द्राक्षमळ्यांच्या प्रदेशाचे प्रवर्तक म्हणून नावाजले गेले. पश्चिम ऑस्ट्रेलियातील गॉर्डनचा मेंढ्या पाळण्याचा उद्योग बुडाला. 1867 मध्ये 'ॲश्टरॉथ' हे जर्मन फाउस्टच्या वळणाचे नाट्यकाव्य आणि 'सी स्प्रे अँड स्मोक ड्रिफ्ट' हा संग्रह अशी दोन पुस्तके मेलबर्नला छापली गेली, पण त्यांनी पैसा दिला नाही.

संसार मात्र तोवर खाली घसरू लागला होता. 1867 च्या अखेरीस सोन्याच्या खाणींमुळे वाढलेल्या बॅलरॅट शहरात क्रेग्ज हॉटेलला लागून असलेला भाड्याच्या घोड्यांचा तबेला त्याने चालवायला घेतला. हिशेबाची त्याला गती नव्हती, तबेल्याला आग लागली, स्वतः त्याला घोड्यामुळे डोक्याला इजा झाली, आणि एप्रिल 1868 मध्ये त्याची एकुलती एक मुलगी ॲनी 11 महिन्यांची असताना वारली. त्यानंतर अवघ्या सहा महिन्यांत, ऑक्टोबर 1868 मध्ये, मेलबर्नच्या फ्लेमिंग्टन मैदानावर एकाच दिवशी त्याने तीन अडथळ्यांच्या शर्यती जिंकल्या. स्टीपलचेस नावाच्या या शर्यतींत कुंपणे, चर आणि भिंती यांवरून घोडा भरधाव उडवत न्यावा लागतो, आणि स्वाराला दूरचे स्पष्ट दिसत नसेल तर पुढचा अडथळा केव्हा आला हे त्याला घोड्याच्या अंगातील ताणावरूनच ओळखावे लागते. जवळचेच दिसणारा गॉर्डन असा धावत असे. समकालीनांनी याचे स्पष्टीकरण बेपर्वाई असे केले, आणि त्यात तथ्य आहेच. परंतु दृष्टीवर भिस्त न ठेवता मांडीखालच्या जनावराच्या हालचालीवर सर्वस्वी विसंबणे ही एक निराळ्या प्रकारची जाण आहे, आणि त्याच्या उत्तम कवितांत हीच जाण काम करते.

येथे त्याच्या रचनेचा थोडा विचार करावा लागतो. मराठी वृत्ते लघु-गुरूंवर किंवा मात्रांवर उभी असतात, तर इंग्रजी वृत्ते शब्दातील आघातावर. दोन हलकी अक्षरे आणि त्यांमागून एक आघातयुक्त अक्षर अशा गणाला अनापेस्ट म्हणतात. असे गण एकामागून एक आले की ओळ आपोआप दौडू लागते. घोड्याच्या टापा शब्दांत उतरवण्याचा प्रयत्न व्हर्जिलइतका जुना आहे, आणि रॉबर्ट ब्राउनिंगने 1845 मध्ये गेंट शहरापासून बातमी घेऊन दौडणाऱ्या तीन स्वारांवर केलेली कविता तर गॉर्डनच्या समोर नमुना म्हणून होतीच. स्विनबर्नच्या 1866 च्या संग्रहातील लांब, झुलत्या कडव्यांचाही त्याच्यावर दाट ठसा आहे. तेव्हा लय त्याने शोधली असे नाही. त्याने केले ते असे, की पुस्तकात शिकलेली ही लय त्याने दररोज घोड्यावर बसणाऱ्या आणि फारसे न वाचणाऱ्या माणसांच्या अंगवळणी असलेल्या गतीशी जुळवून दिली, त्यामुळे ज्यांनी ब्राउनिंगचे नावही ऐकले नव्हते अशा गुराख्यांना आणि कातरणी-कामगारांना त्याच्या ओळी एकदा ऐकून तोंडपाठ होऊ लागल्या.

'हाउ वी बीट द फेव्हरिट' ही त्याची सर्वांत लोकप्रिय शर्यतीची कविता याचे उदाहरण म्हणून घेता येईल. स्वारच निवेदक आहे, घोडी कशी सावरली, कोण मागे पडला, शेवटच्या टप्प्यात कोणाचे खांदे कोणाच्या पुढे होते, हे तो धापा टाकतच सांगतो, आणि निकाल अगदी थोडक्यात लागतो. ही कविता ऑस्ट्रेलियातील प्रत्येक मद्यालयात म्हटली जाई, पण तिच्यातील शर्यत ऑस्ट्रेलियात नव्हे तर एका काल्पनिक इंग्लिश परगण्यात होते. हीच स्थिती 1870 च्या 'बुश बॅलड्स अँड गॅलपिंग ऱ्हाइम्स' या त्याच्या प्रमुख संग्रहाची आहे. शीर्षकात बुश असला तरी आत राजा आर्थरच्या दरबारातील लॅन्सलॉट आहे, इंग्लंडमधील यादवी युद्धाच्या काळातील एक स्त्री आहे, समुद्रात पोहणारा एकाकी पुरुष आहे. ज्यांना काटेकोरपणे बुश बॅलड म्हणता येईल अशा रचना मोजक्याच आहेत. त्यांतील 'फ्रॉम द रेक' हिच्यामागे 'ॲडमेला' या जहाजाचा अपघात आहे. 6 ऑगस्ट 1859 रोजी पोर्ट मॅकडॉनेलच्या पश्चिमेस खडकावर आदळून हे जहाज फुटले, 89 जणांचे प्राण गेले आणि आठवडाभर अवशेषांना धरून राहिलेले 24 जण वाचले. या भीषण घटनेतून गॉर्डनने काय उचलले, तर मदत मागण्यासाठी किनाऱ्यावरून घोडा फेकत निघालेले दोन स्वार. बुडणारी माणसे, लाटा, खडक हे सारे पाठीमागे राहते आणि कवितेत उरते ती दौड. एखाद्याला यात संवेदनेचा संकोच दिसेल; तो आहेच, पण कवीला आपले क्षेत्र कोणते हे नेमके कळले होते असेही त्यातून दिसते.

या सर्वांहून निराळी आणि वरचढ कविता 'द सिक स्टॉकरायडर'. 1869 मध्ये रिडॉक यांच्या यॅलम येथील घरी मुक्कामाला असताना ती लिहिली गेली आणि जानेवारी 1870 मध्ये मेलबर्नच्या 'कलोनियल मंथली' मासिकात आली. मरणाला टेकलेला गुराखी आपल्या सोबत्याला घोड्यावरून उतरवून सावलीत ठेवायला सांगतो आणि उन्हातल्या प्रवासानंतरच्या थकव्यात गतकाळ आठवतो: रानटी गुरे वळवलेली सकाळ, बुशरेंजर म्हणजे रानात लपून लूटमार करणाऱ्या टोळीचा केलेला पाठलाग, आणि मग एकेक करून गेलेले सोबती. एकाला बैलाने शिंगावर घेतले, एक बुडाला, एक दारूच्या भ्रमात मेला, एकाची घोड्यावरून पडून मान मोडली. ही यादी तो रडत नाही, नुसती सांगतो, आणि शेवटी आपल्याला दगड-कुंपण न घालता रानातच पुरावे अशी इच्छा बोलून दाखवतो. येथे दौड नाही. लांब ओळीमागून आखूड ओळ येते, घोडा चालीवर आणल्यासारखी कविता सावकाश चालते, आणि त्या सावकाश चालीतच तिचे सारे सामर्थ्य आहे. पुढील तीस वर्षांत ऑस्ट्रेलियन कथनगीतात जे जे काही येणार होते, म्हणजे सोबत्याविषयीची निष्ठा, मरणाकडे पाहण्याचा कोरडा खेळकरपणा, गावाऐवजी वाटेला घर मानणे, ते बीजरूपाने या एकाच कवितेत सापडते. गॉर्डनची कीर्ती जर एका कवितेवर तोलायची असेल तर ती याच कवितेवर तोलली पाहिजे.

पण बुशचे रूप त्यात कितीसे आहे? 1870 च्या संग्रहाच्या अर्पणकवितेत तो ऑस्ट्रेलियातील फुलांना गंध नाही आणि तेजस्वी पक्ष्यांना गाणे नाही अशा अर्थाचे म्हणून जातो. ज्या देशात वॉटलचा, म्हणजे पिवळ्या फुलांच्या बाभूळजातीचा, घमघमाट वसंतात मैलभर पसरतो आणि जेथील मॅगपाय पक्ष्याच्या सकाळच्या बासरीसारख्या सुरांनी परका मनुष्य थबकतो, त्या देशाविषयीचे हे विधान निव्वळ खोटे आहे. इंग्लंडहून आलेल्यांच्या बोलण्यातले ते एक ठरीव वाक्य होते आणि गॉर्डनने ते तपासून न पाहता छंदात बसवले. त्याच वेळी न्यू साउथ वेल्समध्ये जन्मलेला हेन्री केंडल ओल्या घळींतील बेल-बर्ड पक्ष्यांचा घंटानाद कवितेत आणत होता; 1869 मध्ये त्याचा 'लीव्ह्ज फ्रॉम ऑस्ट्रेलियन फॉरेस्ट्स' हा संग्रह निघाला. रान पाहावे आणि ऐकावे केंडलने. तरीही लोकांनी बुशचा कवी म्हणून गॉर्डनला निवडले, कारण केंडलच्या घळीत माणूस एकटा आणि स्तब्ध असतो, तर गॉर्डनच्या कवितेत तो कामावर असतो.

गॉर्डनच्या रानात आणखी एक उणीव आहे, आणि ती दृष्टीच्या दोषाने समजावून सांगता येण्यासारखी नाही. माउंट गॅम्बियरचा प्रदेश बुआंडिक या आदिवासी लोकांचा. गॉर्डन तेथे पोचला त्याच्या सुमारे दशकभर आधीपासून मेंढपाळ जमीनदारांनी ती भूमी ताब्यात घ्यायला आरंभ केला होता, आणि ज्या घोडेस्वार पोलीस दलात तो होता ते दल या नव्या मालकीचे रक्षण करण्यासाठीच होते. याच भागात राहणाऱ्या क्रिस्टिना स्मिथ या मिशनरी स्त्रीने बुआंडिकांची भाषा आणि चालीरीती नोंदवून 1880 मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. म्हणजे पाहू इच्छिणाऱ्याला ती माणसे दिसत होती. गॉर्डनच्या कवितेत त्यांना जवळजवळ जागाच नाही. त्याच्या मागून आलेल्या बॅलडकारांनी त्याची लय जशी उचलली तशी ही रिकामी भूमीही उचलली.

1870 च्या जूनमध्ये सर्व बाजूंनी कोंडी झाली. मार्चमध्ये फ्लेमिंग्टनला घोड्यावरून पडून त्याच्या डोक्याला पुन्हा जबर मार बसला होता आणि तेव्हापासून डोकेदुखी व निद्रानाश यांनी त्याला घेरले होते. स्कॉटलंडमधील एस्लमाँट या घराण्याच्या मिळकतीवर आपला हक्क लागेल या आशेवर तो बरेच दिवस होता. कायद्याने तसा हक्क पोचत नाही हे जूनच्या आरंभी निश्चित झाले. 23 जूनला 'बुश बॅलड्स' प्रसिद्ध झाले, आणि छपाईचा खर्च अंगावर होता. त्या दिवशी त्याची केंडलशी गाठ पडली. दोघेही मेलबर्नच्या यॉरिक क्लब या लेखक-पत्रकारांच्या मंडळातले, दोघेही कंगाल. केंडलने या संग्रहावर लिहिलेल्या अनुकूल परीक्षणाची मुद्रिते त्याला दाखवली. दुसऱ्या दिवशी पहाटे ब्रायटन या उपनगराजवळच्या झाडीत गॉर्डनने आपल्या हाताने आयुष्य संपवले. तेव्हा तो 36 वर्षांचा होता. केंडल त्यानंतर व्यसन आणि मनोविकार यांतून गेला, पण सावरला, आणि 1882 पर्यंत जगला. या मृत्यूला काव्यमय अर्थ देण्याचा मोह पुढच्या अनेकांना झाला. वस्तुतः त्यात कर्ज, डोक्याच्या जखमा आणि ज्यावर त्या काळी उपचार नव्हता अशी खिन्नता यांपलीकडे काही शोधण्याचे कारण नाही.

मोह झालेल्यांत पहिला मार्कस क्लार्क, कैद्यांच्या वसाहतीवरील प्रसिद्ध कादंबरीचा लेखक आणि गॉर्डनचा मित्र. 1876 मध्ये गॉर्डनच्या कवितांच्या नव्या आवृत्तीला त्याने प्रस्तावना जोडली आणि तीत ऑस्ट्रेलियन निसर्गाचा स्थायीभाव ही एक विलक्षण, अमानुष विषण्णता आहे असे प्रतिपादन केले. ही प्रस्तावना इतकी गाजली की पुढे कित्येक दशके गॉर्डन तिच्याच चष्म्यातून वाचला गेला. गंमत अशी, की तिच्यातील सर्वांत प्रसिद्ध परिच्छेद क्लार्कने मुळात गॉर्डनवर लिहिलेलेच नव्हते. मेलबर्नच्या चित्रसंग्रहातील लुई ब्युव्हेलो आणि निकोलस शेव्हालिए यांच्या निसर्गचित्रांवर आधी लिहिलेला मजकूर त्याने येथे पुन्हा वापरला. ज्या कवीला दूरचा देखावा दिसत नव्हता त्याची ओळख वाचकांना करून दिली गेली ती चित्रांच्या वर्णनाने, आणि त्याच्या कवितेतील घाम, धूळ, हास्य आणि सोबत हे सारे त्या विषण्ण धुक्यात बराच काळ झाकले गेले.

बॅलडकारांनी मात्र प्रस्तावनेपेक्षा लय ऐकली. 1880 मध्ये सिडनीला निघालेल्या 'द बुलेटिन' या साप्ताहिकाने अशा कवितांना घराघरांत नेले, आणि 'बँजो' या टोपणनावाने लिहिणाऱ्या पॅटरसनच्या 1890 मधील 'द मॅन फ्रॉम स्नोई रिव्हर' या कवितेत गॉर्डनची दौड पहिल्यांदा अस्सल ऑस्ट्रेलियन डोंगरउतारावर उतरली. पॅटरसनने गॉर्डनचे ऋण फेडले ते त्याच्यापेक्षा चांगले पाहून. गॉर्डनला आदर्श मानणाऱ्या बारक्रॉफ्ट बोक या तरुण भूमापक कवीने 1892 मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, स्वतःचा अंत केला, आणि कवीच्या मृत्यूभोवती वलय निर्माण केल्याचे परिणाम केवळ वाङ्मयीन नसतात हे तेव्हा दिसून आले.

समुद्रावरील त्याच्या कवितेला निराळेच भाग्य लाभले. 'द स्विमर' या कवितेतील निवडक भागाला एडवर्ड एल्गारने चाल दिली आणि 1899 मध्ये 'सी पिक्चर्स' या गीतमालेचा शेवट म्हणून ते गीत गायले गेले. आजही जगभरच्या सभागृहांत गॉर्डनचे शब्द ऐकू येतात ते बहुधा याच गाण्यातून, आणि ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना कवीचे नाव ठाऊक असते. मेलबर्नच्या स्प्रिंग स्ट्रीटवर 1932 मध्ये त्याचा पुतळा बसवला गेला. शिल्पकार पॉल माँटफर्डने त्याला खुर्चीत बसवले आणि खोगीर खुर्चीखाली ठेवले, जे सभ्यतेला धरून असले तरी समजुतीला धरून नाही. 1934 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत, कवींसाठी राखलेल्या कोपऱ्यात, त्याचा अर्धपुतळा बसवण्यात आला. हा मान मिळालेला ऑस्ट्रेलियाचा तो पहिला कवी. त्याच्या साध्या, नीतिपर ओळींचा आधार राणी एलिझाबेथने 1992 च्या नाताळच्या भाषणातही घेतला. पण तोवर खुद्द ऑस्ट्रेलियातील समीक्षेने त्याला पायउतार केले होते, आणि बहुतांशी ते न्याय्यच होते, कारण त्याच्या लेखनाचा मोठा भाग उसना आहे, घाईचा आहे आणि एकसुरी आहे.

उरतात त्या चार-पाच कविता, आणि त्या लेखणीने नव्हे, मांडीने लिहिलेल्या आहेत. गॉर्डन वाचायचा असेल तर 'द सिक स्टॉकरायडर'पासून आरंभ करावा, ती मोठ्याने वाचावी, मग शर्यतीची कविता घ्यावी, आणि बुश खरोखर कसा दिसतो व ऐकू येतो यासाठी शेजारी केंडल उघडून ठेवावा. 'ॲश्टरॉथ' कपाटातच राहिले तरी वाचकाचे काही बिघडणार नाही.